तिसऱ्या मजल्यावरचा वास

अंगठा वाचला, पण पकड गेली. टाके काढताना डॉक्टरांनी सांगितलं ते एवढंच. दवाखान्यातून रंध्या बायकोबरोबर चालतच परत आला. घराशी आल्यावर त्याने सवयीने उजव्या हातात किल्ली घेतली, ती फिरवताना बोटांतून सटकून खाली पडली, आणि मग तो दारातल्या पायरीवर मटकन बसला. बायकोने किल्ली उचलली, दार उघडलं आणि म्हणाली, "चला, चहा टाकते."

रंध्या हे काही त्याच्या आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. तो सुतार होता आणि एका पाच मजली इमारतीच्या मेंटेनन्स खात्यात कामाला होता. खाली बँक, वर विम्याचं ऑफिस, त्याच्यावर दवाखाने, हिशेबनीस, कसले कसले क्लास, अशी गच्च भरलेली इमारत. तिथलं दार, खिडकी, कपाट, कुलूप, जे काही लाकडाचं ते त्याचं. हातात रंधा असला की त्याला जेवणाचीसुद्धा शुद्ध राहत नसे, म्हणून खात्यातल्या लोकांनी त्याला हे नाव चिकटवलं, आणि पुढे त्याची बायकोही चिडली की तेच वापरू लागली. मग एका सकाळी मशीनवर फळी उसळली आणि पात्याने अंगठ्याच्या मुळाशी शीर कापली. दोष कुणाचाच नव्हता. फळीत गाठ होती.

रजा संपवून कामावर आल्यावर त्याने आधी सगळ्यांपासून लपवायचा प्रयत्न केला. हातोडी डाव्या हातात धरली, स्क्रू दातांत धरले, मदतनिसाला उगाच जवळ बोलावून "जरा हे धर रे" म्हणू लागला. हे सोंग फार दिवस टिकणार नव्हतं. विम्याच्या ऑफिसात कपाटाचं दार बसवताना ते त्याच्या हातून निसटलं आणि एका कारकुनाच्या पायाशी दाणकन पडलं. कारकून वाचला, पण त्याच दिवशी दुपारी बाईंनी रंध्याला बोलावून घेतलं.

बाई म्हणजे इमारतीच्या सुपरवायझर. निवृत्तीला आलेल्या. चालणं झपाझप, बोलणं त्याहून झपाझप.

"हात दाखवा," त्या म्हणाल्या.

रंध्याने डावा पुढे केला.

"दुसरा."

त्यांनी तो हात नुसता बघितला, हळहळल्या वगैरे नाहीत. मग म्हणाल्या, "हा हात आता हातोडीचा राहिला नाही. तुम्हालाही ते कळलंय. मी तुम्हाला शिकाऊ सुपरवायझर म्हणून घेते. वर्षभर शिकायचं. मधूनमधून क्लासला जायचं, बाकीचे दिवस माझ्यामागे फिरायचं. पाणी, वीज, लिफ्ट, साफसफाई, सगळं बघायचं. जमलं तर माझ्या जागी तुम्ही."

"बाई, मला माणसांना कामं सांगता येत नाहीत."

"लाकडाला सांगता येत होती ना?"

"लाकूड उलटून बोलत नाही."

"मग तेवढंच शिकायचं राहिलंय," बाई म्हणाल्या आणि फोन उचलला. बोलणं संपलं होतं.

नोकरी टिकली याचा आनंद रंध्याला धड एक दिवससुद्धा झाला नाही, आणि त्याला कारण पान्या. पान्या म्हणजे इमारतीचा प्लंबर. दोघं एकाच वर्षी कामाला लागलेले, दुपारचा डबा रोज एकत्र खाणारे. एकाच्या डब्यातलं लोणचं दुसऱ्याच्या डब्यात जायचं आणि दोघांच्या बायकांना वाटायचं, आपलं लोणचं संपतं म्हणजे नवऱ्याला आवडतं. तर या पान्याला सुपरवायझरची जागा हवी होती. त्याने बाईंकडे तसं बोलूनही ठेवलं होतं. रंध्याची बातमी कळली त्या दिवशी त्याने डबा उचलला आणि पंपाच्या खोलीत जाऊन एकटाच जेवला. दुसऱ्या दिवसापासून तो रंध्याला 'साहेब' म्हणू लागला. तो शब्द त्याच्या तोंडून असा यायचा, की त्यापेक्षा शिवी बरी.

क्लासमध्ये सगळी विशीतली पोरं, रंध्याला 'काका' म्हणणारी. त्याची मुलगी शाळेत वरच्या वर्गात होती. संध्याकाळी बापलेक एकाच टेबलावर अभ्यासाला बसायचे.

"बाबा, 'प्रतिबंधात्मक देखभाल' म्हणजे काय?" ती त्याचं पुस्तक ओढून विचारायची.

"बिघडायच्या आधी बघून घेणं."

"मग तसंच का नाही लिहीत?"

"तसं लिहिलं तर पुस्तक चार पानांत संपेल."

नकाशे मात्र त्याला झकास जमायचे. एवढी वर्षं मापं घेतलेली. जमत नव्हतं ते दुसरंच. कुठे काही सैल दिसलं की त्याचा हात आपोआप खिशातल्या पेचकसाकडे जायचा, आणि बाई मागून खाकरायच्या. शेवटी त्यांनी पेचकस काढूनच घेतला. "तुम्ही स्वतः स्क्रू पिळत बसलात, की तेवढा वेळ बाकीची इमारत वाऱ्यावर," त्या म्हणाल्या.

अशात तिसऱ्या मजल्यावर वास यायला लागला.

तिसऱ्या मजल्यावर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांचा दवाखाना होता. त्यांच्या बाहेरच्या खोलीत, जिथे पेशंट बसतात, तिथे कसला तरी कुजका भपका यायचा. कधी कमी, कधी असा की पेशंट रुमाल नाकाला लावून बाहेर जिन्यात उभे राहायचे. नाकाच्या दवाखान्यात नाक धरून बसलेली माणसं, यावर इमारतीत विनोदांना ऊत आला. सगळ्यात कहर म्हणजे खुद्द डॉक्टरांना वास येतच नव्हता. काउंटरवरची मुलगी दबक्या आवाजात म्हणाली, "सरांना बारा महिने सर्दी असते. कुणाला सांगू नका."

बाईंनी रंध्याला सांगितलं, "हे प्रकरण तुमचं. मी मधे पडणार नाही. कुणाला लावायचं, काय करायचं, तुम्हीच ठरवा."

रंध्याने दवाखान्यात जाऊन वर मान करून हुंगलं. वास छताकडून येत होता. म्हणजे उंदीर मेलाय, दुसरं काय! त्याने दोन मदतनीस बोलावले आणि फॉल्स सीलिंग उघडायला लावलं. ते दोघं रमतगमत करत होते, रंध्याला राहवेना. तो स्वतः शिडीवर चढला आणि उजव्या हाताने एक चौकट सरकवायला गेला. पकड सुटली. चौकट खाली आली, तिच्याबरोबर वर्षानुवर्षांची धूळ आली, आणि एका आजोबांच्या डोक्यावर, पांढऱ्या शर्टावर, पडशाच्या औषधाच्या बाटलीवर सगळीकडे पसरली. आजोबांना ज्या शिंका सुरू झाल्या त्या थांबेनात. वर उंदीर नव्हता. टेनिसचा एक बॉल होता आणि एका पायातली चप्पल.

डॉक्टरांनी इमारतीच्या मालकांच्या ऑफिसात फोन लावला. तिकडून बाईंना निरोप आला, की महिनाअखेर हे मिटलं नाही तर देखभालीचं काम बाहेरच्या कंपनीला देऊ, मग शिकाऊ वगैरे कुणी लागणार नाही.

"मलाही उंदीरच वाटला होता," बाई रंध्याला म्हणाल्या. त्या ओरडल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. "पण आता छत उघडं आहे आणि वास आहे तिथेच आहे."

घरी त्या दिवशी तो जेवताना ताटात नुसता चिवडत बसला. बायको बराच वेळ बघत होती. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दिवसभर लोकांची गाऱ्हाणी ऐकायची तिला सवय होती.

"छत उघडायच्या आधी कुणाला काही विचारलंत?" तिने विचारलं.

"विचारायचं काय? वास वरून येत होता."

"आमच्याकडे माणूस येतो, म्हणतो दिसत नाही. म्हणून काय लगेच त्याच्या नाकावर चष्मा ठेवतो आम्ही? आधी त्याला बसवतो. विचारतो, जवळचं दिसत नाही की लांबचं? सकाळी की संध्याकाळी? कधीपासून?" तिने त्याच्या ताटात वाढलं. "तुम्ही तर पेशंटला न विचारता ऑपरेशन केलंत."

मुलगी फिस्कन हसली. रंध्याला राग आला, पण तो राग चिकटला नाही, कारण बोलणं खरं होतं.

दुसऱ्या दिवसापासून तो विचारत सुटला. काउंटरवरच्या मुलीने सांगितलं, वास सकाळी जास्त असतो, आणि गंमत म्हणजे तो जावा म्हणून एक्झॉस्ट फॅन लावला की आणखीच वाढतो. पहारेकरी म्हणाला, सुट्टीनंतर पहिल्या दिवशी तर विचारू नका. वास कधी सुरू झाला, यावर मात्र प्रत्येकाचं वेगळं. रंध्याला दिसत होतं, की हे धागे कुठेतरी एकत्र येतायत. पण कुठे, ते त्याला लाकडात कळलं असतं, पाइपांत कळत नव्हतं. पाइपांत कळणारा माणूस पंपाच्या खोलीत एकटा जेवत होता.

एक दिवस त्याने टाळाटाळ केली. मग दुपारी डबा उचलून तो खाली गेला.

पान्या उलट्या बादलीवर बसला होता. "बोला साहेब," तो वर न बघता म्हणाला.

"साहेब म्हणू नकोस."

"मग काय म्हणू?"

"पूर्वी जे म्हणायचास ते. आईवरून नको, बाकी चालेल."

पान्याच्या ओठाचा कोपरा हलला, पण तो हसला नाही. रंध्या दुसऱ्या बादलीवर बसला. डबा उघडायलाही त्याला दोन्ही हात आणि गुडघे लागत होते. झाकण निघेना. पान्याने थोडा वेळ बघितलं, मग डबा ओढून घेतला, उघडला आणि परत दिला.

"दुखतो का?" त्याने विचारलं. अपघातानंतर पहिल्यांदाच.

"थंडीत ठणकतो. एरवी नुसता आहे. नसल्यासारखा."

पंपाचा घुर्रर्र आवाज चालू होता. पान्या म्हणाला, "ती जागा मला पाहिजे होती."

"माहितेय. मी मागितली नव्हती रे. मला रंधा पाहिजे होता."

पान्याने लोणच्याची एक फोड उचलून रंध्याच्या डब्यात टाकली. मग दोघंही जेवत राहिले, आणि जेवता जेवता रंध्याने वासाची सगळी हकीकत सांगितली.

"हे मला आधी का नाही विचारलंस?" पान्या म्हणाला.

"तू रागावला होतास."

"मी रागावलो म्हणून काय पाइप जागा बदलतात? पंखा लावल्यावर वाढतो म्हणालास ना? मग पंखा तो वास कुठून तरी ओढतोय." त्याने बोटं चाटली आणि विचार केला. "दवाखान्याच्या शेजारी काय आहे?"

"हिशेबनिसांची जुन्या कागदांची खोली. कुलूप असतं."

"तिथे पूर्वी बाथरूम होती म्हणतात. माझ्या आधीची गोष्ट. पण बंद केलीय ती."

सफाईवाल्या मावशी त्याच वेळी बादली भरायला आत आल्या होत्या. नळ सोडता सोडता त्या म्हणाल्या, "बंद कसली? संडासाची भांडी काढली नुसती. कोपऱ्यात जाळी आहे की खाली. मी फरशी पुसली की घाण पाणी तिथेच ओतायचे. मग त्या लोकांनी तिथे दार लावलं अन् कुलूप ठोकलं. तेव्हापासून भरली बादली घेऊन जिन्यापलीकडे जावं लागतं मला. कंबर मोडते."

पान्याचा हात डब्यातच थांबला. "म्हणजे तेव्हापासून त्या जाळीत पाणीच गेलेलं नाही?"

"कुठून जाईल?"

"अरे देवा," पान्या म्हणाला. त्याने रंध्यासमोर कोपर वाकवून दाखवलं. "हे बघ. जाळीखाली पाइप असा वाकडा असतो. या वाकड्या भागात थोडं पाणी कायम अडून राहतं. ते पाणी म्हणजेच बूच. ते सुकलं, की खालचं गटार थेट खोलीत उघडतं. मावशी रोज पाणी ओतत होत्या तोवर बूच भरलेलं होतं."

"पण मग वास त्या खोलीबाहेर का येत नाही? व्हरांड्यात का नाही येत?"

"ते मला काय माहीत? दार कसलं आहे त्यावर. कुणी बसवलंय दार?"

रंध्याने डबा बाजूला ठेवला. मग म्हणाला, "मीच."

अपघाताच्या थोडं आधी त्याने ते बसवलं होतं. इतकं चोख, की फटीतून कागद जाणार नाही. दाराच्या फटीतून वाट मिळेना म्हणून वास वर गेला होता. मधली भिंत फॉल्स सीलिंगपर्यंतच होती, वर सगळं मोकळं. तिथून दवाखान्याचा पंखा त्याला आरामात ओढून घेत होता.

पहिल्यांदा मावशी हसल्या. मग पान्या असा हसला, की बादलीवरून पडता पडता राहिला. "साहेब," तो म्हणाला, आणि या वेळी तो शब्द ऐकून रंध्यालाही हसू फुटलं.

हिशेबनिसांकडून किल्ली मिळवायला थोडी मिनतवारी करावी लागली. खोली उघडली, तेव्हा आतल्या भपक्याने सगळे एक पाऊल मागे सरले. रंध्याला आयुष्यात कुठल्या दुर्गंधीचा एवढा आनंद झाला नव्हता. जाळीवर कपाट होतं. ते बघताच त्याचे हात पुढे झाले. मग त्याने ते खिशात घातले. "तुम्ही डावीकडून धरा," तो मदतनिसांना म्हणाला, "तू खालून. उचलू नका, सरकवा. पाय सांभाळ." कपाट सरकलं. कुणी उलटून बोललं नाही. कपाट आपण हात न लावता सरकलं, याचं त्याला मनातून नवल वाटलं, आणि थोडं वाईटही.

मावशींनी बादली उपडी केली. जाळीखाली पाणी गडगडत गेलं, गुडगुडलं, आणि थांबलं. पान्याने वरून थोडं खायचं तेल सोडलं. "पाण्यावर तेलाचा थर राहिला की लवकर सुकत नाही," तो म्हणाला.

"एवढंच?" रंध्याने विचारलं.

"एवढंच. पाहिजे तर छत उघडून देतो."

पण खरी परीक्षा पुढेच होती. मधे सलग सुट्ट्या आल्या, आणि वास सुट्टीनंतरच चवताळायचा. त्या सुट्टीत रंध्याचा पाय घरात ठरेना. बायकोने त्याला दोनदा बाजारात पिटाळलं आणि दोन्ही वेळा तो सांगितलेली वस्तू सोडून दुसरंच काहीतरी घेऊन आला.

सुट्टी संपल्यावर सकाळी, दवाखाना उघडायच्या वेळी, तो, पान्या, मावशी आणि बाई असे चौघंही बाहेरच्या खोलीत हजर. काउंटरवरच्या मुलीने दिवे लावले. मग एक्झॉस्ट फॅन लावला. चौघंही मान वर करून हुंगत उभे. दोन पेशंट आले, ते या चौघांना बघून दारातच थबकले. पंखा फिरत राहिला. फरशीच्या औषधाचा वास आला. मुलीच्या केसांच्या तेलाचा आला. बाकी काही नाही.

"नाही येत," मुलगी म्हणाली. "खरंच नाही येत हो!"

रंध्याचा जीव भांड्यात पडला. तो तिथेच पेशंटांच्या बाकावर बसला. एवढ्यात आतल्या खोलीतून डॉक्टर आले, रुमालाने नाक पुसत. सगळ्यांकडे बघून म्हणाले, "काय, गेला का?"

"गेला, सर."

"हं. मला जाणवलंच सकाळी," डॉक्टर म्हणाले. मुलीने पटकन मान खाली घातली.

बाईंनी मालकांना फोन केला तेव्हा रंध्या समोरच होता. त्या म्हणाल्या, "शोधलं. हो, आमच्याच लोकांनी." फोन ठेवून त्यांनी रंध्याकडे बघितलं. "आता पुढे काय करणार? तेल किती दिवस ओतणार?"

त्याने ते आधीच ठरवून ठेवलं होतं. त्या खोलीची एक किल्ली मावशींकडे राहील, जाळीच्या कोपऱ्यात काही ठेवायचं नाही, आणि मावशींनी पूर्वीसारखी तिथेच बादली ओतायची. वास बंद, मावशींची कमरही वाचली. हिशेबनिसांशी तो बोलून आला होता. इतक्या दिवसांत बाई त्याच्यासमोर पहिल्यांदाच हसल्या. त्यांनी टेबलाचा खण उघडला, त्याचा पेचकस काढून दिला आणि म्हणाल्या, "घरी वापरा."

त्या संध्याकाळी जेवताना तो बोलत सुटला. पान्याची नक्कल, डॉक्टरांची नक्कल, मावशींची नक्कल. मुलगी हसून हसून आडवी झाली. बायको म्हणाली, "किती दिवसांनी तुमचा आवाज ऐकतेय," आणि मग ती उगाचच उठून भांडी घासायला लागली. ती परत आली तेव्हा रंध्या खुर्चीतच घोरत होता.

वर्ष संपलं तेव्हा तो पास झाला. फार चांगल्या गुणांनी नाही, पण झाला. बाई निवृत्त झाल्या, खुर्ची त्याच्याकडे आली. पान्याला त्याने विचारलं, "पुढच्या तुकडीत अर्ज करतोस का? मी शिकवतो."

"नको रे बाबा," पान्या म्हणाला. "तुझे हाल बघितलेत मी. माझं पाइपांशी बरं चाललंय." पण दोन दिवसांनी, डबा खाता खाता, क्लास कुठे असतो आणि किती वाजता, ते त्याने सहज म्हणून विचारून घेतलं.

लाकडाची ओढ काही सुटलेली नाही. इमारतीतून फेरी मारताना रंध्या अजून एखाद्या दाराच्या कडेवरून तळहात फिरवतो. हल्ली सुट्टीच्या दिवशी तो घरी डाव्या हाताने रंधा मारायला शिकतोय. पहिलं स्टूल झालं. एक पाय थोडा आखूड आहे. बायकोने त्याच्याखाली कागदाची घडी घातली आणि भाजी चिरायला त्याच्यावर बसली, नि म्हणाली, दुसरं कधी करताय, मुलीलाही एक हवंय.